देवकाच्या रानातला मुक्काम

ऊन डोक्यावर यायच्या आत होईल तेवढी वाट तोडायची असं ठरवून आम्ही दोघी उजाडताच निघालो होतो. पण वाळूत पाय घोट्यापर्यंत जात होता आणि बऱ्याच वेळाने मागे वळून पाहिलं तरी माझ्या शेजारणीच्या भावाची, मोदिरीची, पिकअप दिसतच होती, उन्हात तापायला ठेवलेल्या डब्यासारखी. मग वाट मोपानेच्या झाडांत वळली आणि ती दिसेनाशी झाली. शेजारीण, गादिफेले, तेव्हा पहिल्यांदा थांबली. वळून पाहिलं नाही, नुसती थांबली, आणि पुन्हा चालू लागली.

ती पुढे, चाकोरीतून. हातात वाळकी फांदी. मी मागे, पाण्याचा कॅन घेऊन.

"बोलत राहा," ती म्हणाली. "गप्प चालणाऱ्या माणसाला जनावर जनावरच समजतं."

"काय बोलू?"

"काहीही बोल. तुमच्याकडे नवरीची आई रडते म्हणालीस ना, ते सांग. नाहीतर भांडण काढ माझ्याशी. माझी बकरी तुझी मिरची खाऊन गेली होती, त्यावरून काढ."

मी बकरीवरून बोलायला लागले, पण ती ऐकत नव्हती. जरा वेळाने आपणच म्हणाली, "पाय जुळेल दादाचा. गुडघ्याखाली मोडलाय. आमच्या गावात बैलाने तुडवलेली माणसं जुळली आहेत. पायाचं मला काही वाटत नाही. मला भीती आहे ती म्मा-लिस्वानीची."

म्मा-लिस्वानी म्हणजे गादिफेलेच्या मरून गेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण. कचिकाऊ गावात तिचंच राज्य. गादिफेलेची मुलगी सेथुन्या हिच्या लग्नाची बोलणी तिच्याच अंगणात बसायची होती आणि त्यासाठीच आम्ही राहत होतो त्या माउन शहरातून निघालो होतो. तिथल्या रीतीप्रमाणे मुलीच्या मामाशिवाय बोलणी सुरूच होत नाहीत. मुलाकडची माणसं दाराशी येऊन बसतात, पण मामा चटईवर टेकेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. सेथुन्याचा मामा म्हणजे मोदिरी. आणि मोदिरीचा पाय त्याच्याच देवकाने मोडला होता.

आपल्याकडे जशी देवकं असतात तशी त्यांच्याकडेही असतात. कुणाचं मगर, कुणाचं सिंह, कुणाचं माकड. बापाचं जे देवक तेच लेकरांचं. त्याला मारायचं नाही, त्याचं मांस तोंडात घालायचं नाही, आणि वाटेत भेटलं तर त्याच्या नावाची स्तुती म्हणून त्याला नमस्कार करायचा. गादिफेलेच्या माहेरचं देवक हत्ती. देवक आपल्या माणसाला ओळखतं, असं ती माणसं मानतात. मानतात म्हणणंही बरोबर नाही. पाणी ओलं असतं असं कुणी मानत नाही, ते असतंच.

"म्मा-लिस्वानी काय म्हणेल, तुला ऐकवू?" गादिफेले कंबरेवर हात ठेवून, नाकातून आवाज काढून म्हणाली, "ज्याला त्याचा हत्ती ओळखत नाही, तो कुठल्या घरचा मामा गं?" नक्कल इतकी हुबेहूब होती की एरवी आम्ही हसलो असतो.

या वाक्यात किती विष होतं ते कळायला गादिफेलेचं माहेर माहीत पाहिजे. तिचा बाप तरुणपणी दक्षिणेकडच्या खाणीत कामाला गेलेला. मोदिरी जन्मला तेव्हाही तो तिकडेच होता. विहिरीवरच्या बायकांनी बाप गेल्यापासूनचे महिने बोटांवर मोजले, कुणाचे सात भरले, कुणाचे दहा. बाप परत आला, अंगणात उभा राहिला, पोराला डोक्यावर उचलून त्याने हत्तीची स्तुती मोठ्याने म्हटली आणि सगळ्यांदेखत त्याला आपल्या देवकात घेतलं. विषय मिटला. म्हणजे झाकला गेला. त्यानंतर झालेल्या गादिफेलेबद्दल कुणी काही बोललं नाही, पण मोदिरी समोरून गेला की एखादी म्हातारी दुसरीकडे बघायची ते तिने लहानपणापासून पाहिलेलं.

बाप पुन्हा खाणीत गेला तो आलाच नाही. मग मोदिरीनेच हिला वाढवलं. गुरांच्या वाड्यावर हिला खांद्यावर बसवून न्यायचा, आपल्या वाटणीचं दूध हिच्या तोंडाला लावायचा. पाणवठ्यावर हत्ती आले की तो टोपी काढायचा, हात वर करायचा आणि बापाने शिकवलेली स्तुती म्हणायचा. हत्ती जरा वेळ उभे राहायचे आणि बाजूला व्हायचे. खांद्यावरच्या गादिफेलेला वाटायचं, दादा जगातल्या सगळ्यांत मोठ्या प्राण्याला घरी जायला सांगतो आणि तो ऐकतो.

माउनमध्ये ती तंबू शिवायची. रानात पाहुणे नेणाऱ्या लोकांचे ते जाड कापडाचे तंबू. पत्र्याच्या शेडमध्ये, मोठ्या मशीनवर, कापड ढकलून ढकलून अंगठ्याला घट्टा पडलेला. तिच्याकडे फाटलेले तंबूही यायचे. "हे तरसाने चावलंय," म्हणायची, "आणि हे नवरा-बायकोच्या भांडणात फाटलंय, आतून बाहेर फाटलंय बघ." इतकी वर्षं शिवले, पण एकात कधी झोपली नव्हती. "पैसे देऊन जमिनीवर झोपतात गं ती माणसं. माझ्या आजीने जमिनीवरून खाटेवर यायला सगळा जन्म घालवला." रान म्हणजे तिच्या लेखी जिथून संध्याकाळच्या आत परतायचं अशी जागा. तिथे मुक्काम करणं हे वेड्यांचं नाहीतर परदेशी माणसांचं काम.

तरी मुक्काम करावा लागलाच. डांबरी रस्ता लांबून वळसा घेतो, म्हणून मोदिरीने मधली वाळूची वाट धरली. "ही वाट मी डोळे मिटून चालवतो," असं तो निघताना म्हणाला होता. दुपार कलताना पिकअप वाळूच्या चढावर आसापर्यंत रुतली. आम्ही ताटांनी वाळू उपसली, चाकांखाली फांद्या घातल्या. गाडी हलली ती फक्त आणखी खाली.

"मिटलेच होते वाटतं डोळे," गादिफेले म्हणाली.

"तू दगडासारखी मागे बसलीस म्हणून रुतली."

"मग उतरून ढकलली कुणी? तुझ्या आजोबाने?"

भाऊ-बहीण असे भांडायला लागले की मी निर्धास्त असायची. ती दोघं गप्प झाली की काळजी.

लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना झोपायला म्हणून शेडमधला एक दुरुस्त केलेला तंबू तिने बरोबर घेतला होता. तो उभारायला घेतला तर तिला काही जमेना. खुंटी वाळूत ठोकली की बोट लावताच बाहेर. मोदिरीला हसून ठसका लागला. "इतकी वर्षं शिवतेस आणि उभा करता येत नाही?"

"शिंपी काय नवरदेवाचे कपडे घालून बघतो?" ती म्हणाली, पण पुढची खुंटी रागाने ठोकली. शेवटी दोऱ्या गाडीच्या चाकांना बांधल्या. तंबू एका अंगाला कलला, पण उभा राहिला.

तेव्हाच मोदिरीला लीद दिसली. वाटेच्या कडेला, तंबूपासून काही पावलांवर, अजून ओली. आजूबाजूला पावलं, सुपाएवढी, वाळूत नुसती ठेवल्यासारखी. एकट्या नराची.

गाडीत मागे संत्र्यांचं पोतं होतं, लग्नासाठी घेतलेलं. हत्तीला संत्र्याचा वास मैलभरावरून येतो आणि त्यासाठी तो गाडीचं दार डब्याच्या झाकणासारखं काढतो हे माउनमधलं शेंबडं पोरही सांगेल. गादिफेले खड्डा खणायलाच बसली. "दादा, पोतं दे इकडे. पुरून टाकू. वर राख टाकू."

मोदिरीने पोतं उघडलं, पण पुरायला नव्हे. ओंजळभर संत्री काढून ती त्याने लिदीच्या पलीकडे, मोपानेच्या पानांवर नीट मांडली.

"वेड लागलंय का तुला?"

"आपण कुणाच्या घरात उतरलोय, फेले? त्याच्या. रिकाम्या हाताने उतरायचं? बापाने हेच शिकवलं का?"

"बाप गाईच्या वाड्यावर राहायचा. आपण हत्तीच्या तोंडात येऊन झोपतोय."

"आपल्याच माणसाला कोण चावतं?" असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. "म्मा-चहा, तू सांग हिला. तुम्ही देवापुढे ठेवल्याशिवाय जेवता का?" म्मा म्हणजे बाई; मी घरी आल्यागेल्याला चहा देते म्हणून त्याने मला ते नाव पाडलं होतं. नैवेद्य ठेवणाऱ्याला अडवायला माझं तोंड उघडलं नाही एवढं खरं.

परकं जनावर असतं, अनोळखी रान असतं, तर मोदिरीसारख्या जाणत्या माणसाने हे कधी केलं नसतं. घरचं समजला म्हणूनच चुकला.

ऊन तांबूस झालं. मका भाजून खाल्ला, कालचं कुटलेलं मांस खाल्लं. तितर ओरडत होते ते एकदम थांबले. झाडांच्या शेंड्याला वारा नव्हता, तरी एका झाडाची डहाळी हलली. मग एक घरघर ऐकू आली. कानाला म्हणण्यापेक्षा ती बसल्या जागी जमिनीतून जाणवली. आणि जिथे आधी नुसती झाडं होती तिथे हत्ती उभा होता. एवढा मोठा देह आला कसा ते कळलं नाही. पाचोळासुद्धा वाजला नाही. एक सुळा मोडलेला.

मोदिरी उठला. त्याने टोपी काढली.

"दादा, गाडीत बस," गादिफेले दबक्या आवाजात म्हणाली. "दादा, तुझ्या पाया पडते."

त्याने तिच्याकडे पाहून हसून मान हलवली आणि पुढे झाला. हात वर करून स्तुती म्हणायला लागला. माणूस एरवी बेसूर, पण ते शब्द म्हणताना त्याचा आवाज बदलायचा. तुझ्या पावलात साठलेलं पाणी प्यायलेली आम्ही माणसं, तू रान मोडलंस तिथे आमच्या वाटा झाल्या, अमक्याचा मुलगा मी, तमक्याचा नातू. बापाचं नाव त्याने दोनदा घेतलं.

हत्तीचे कान हलायचे थांबले. कान पसरून तो उभा राहिला, सोंड खाली. शेवटचा शब्द होईपर्यंत तो तसाच होता. तंबूच्या दाराचं कापड मुठीत धरून गादिफेले हे बघत होती, आणि मी तिच्या खांद्यावरून.

मग त्याने पानांवरची संत्री उचलली. एकेक, सावकाश. मोदिरीचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. संत्री संपली आणि हत्तीने पिकअपकडे तोंड वळवलं. मोदिरी मध्ये आला, हात पसरून, घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलत, "बास झालं, म्हाताऱ्या. बाकीची भाचीच्या लग्नाची आहेत."

सोंड एकदाच फिरली. दारावरची माशी हाकलावी तशी. मोदिरी गाडीच्या पुढच्या चाकावर आपटला आणि काहीतरी मोडल्याचा आवाज आला. हत्तीने पोतं ओढून काढलं, पायाने फाडलं आणि तिथेच उभा राहून खाल्लं. ओरडला नाही, धावून आला नाही. रागावला नव्हता तो, हेच वाईट होतं. रस सांडलेल्या वाळूचा वास आमच्यापर्यंत येत होता. आम्ही कापडाच्या आड, एकमेकींचा हात धरून. मी मनात रामनाम घेत होते. गादिफेलेचे ओठ हलत होते, पण ती काय म्हणत होती ते मी विचारलं नाही. खाऊन झाल्यावर तो मोदिरीवरून ओलांडून गेला. ओलांडताना पाय जपून उचलला.

मोदिरीला आम्ही ओढत गाडीच्या पुढच्या सीटवर नेलं. गादिफेलेने तंबूची काठी काढली, कापडाच्या पट्ट्या फाडल्या आणि पाय बांधला. तो ओरडला नाही. पाणी पाजलं तेव्हा म्हणाला, "त्याने ऐकलं ना, फेले?"

"वारा उलटा होता, दादा."

"वारा नव्हता."

ती पट्टीची गाठ मारत राहिली. तो म्हणाला, "आई मरताना तुला काही म्हणाली होती का? माझ्याबद्दल?"

"म्हणाली होती की तू फार बडबड करतोस," गादिफेले म्हणाली. "झोप आता."

तो झोपला नाही. सकाळी आम्हाला निघायला त्यानेच लावलं. गाडीत दारं लावून मी सुरक्षित आहे म्हणाला, वनखात्याची चौकी पुढे कोरड्या नदीजवळ आहे, एकटी बाई नको, दोघी जा. बोलताना आमच्याकडे बघत नव्हता. काचेतून रानाकडे बघत होता.

अशी आम्ही ती वाट चालत होतो. सावल्या आखूड झाल्या. एका ठिकाणी चाकोरीवर सिंहाचे ठसे होते, आमच्याच दिशेने गेलेले, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. गादिफेलेने फांदीने ते दाखवले आणि ती ठसे टाळून कडेने चालू लागली. वर आभाळात गिधाडं फिरत होती, ती मागच्या बाजूला आहेत की पुढच्या, हे बघायला मान वर करायची दोघींनाही हिंमत झाली नाही.

"काल मुक्काम केला नसता तर," मी म्हणाले.

"गाडीतच बसून राहिलो असतो तरी तो गेलाच असता बाहेर. त्याला विचारायचंच होतं गं. सगळा जन्म विचारायचं होतं." ती थुंकली. "गुरांच्या वाड्यावर हत्ती बाजूला व्हायचे. तिथे कुत्री होती, जाळ होता, दहा माणसं होती. मला वाटायचं, दादामुळे."

वळणावर ती एकदम थांबली आणि तिने हात मागे करून मला अडवलं. पुढे वाटेत हत्तीण उभी होती, बाजूला पिल्लू. आमच्याकडे तोंड करून. वारा आमच्या पाठीवरून तिच्याकडे वाहत होता, म्हणजे आम्ही तिला केव्हाच कळलो होतो.

गादिफेलेने डोक्यावरचा रुमाल काढला. हात अर्धा वर गेला. तिने श्वास घेतला, आणि मी त्या शब्दांची वाट बघत राहिले. वाळवीच्या वारुळाशेजारी ती तशीच उभी होती, तोंड किंचित उघडं, गळ्याची शीर उडताना दिसत होती. मग तिने तोंड मिटलं. हात खाली घेतला. मला धरून वारुळाच्या आड नेलं, आणि आम्ही दोघी लाल मातीला गाल लावून, चोरासारख्या, श्वास दाबून उभ्या राहिलो.

हत्तीणीने सोंड उचलून आमच्या बाजूला धरली. खूप वेळ धरली. मग पिल्लाला पायांशी घेऊन ती झाडांत गेली.

"म्हटलं का नाहीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं असतं आणि तिने वाट सोडली असती तर दादा देवकातून गेला. तिने मलाही मारलं असतं तर आईची अब्रू गेली." रुमाल पुन्हा बांधायला तिला जमत नव्हतं, मीच बांधून दिला. "नकोच ते. मला काही विचारायचं नाही त्यांना."

पुढे वाट उघड्यावर आली. कोरड्या नदीच्या पलीकडून धूळ उठत होती, आणि धुळीच्या पोटात एक हिरवी गाडी आमच्या दिशेने येत होती. वनखात्याची. मी कॅन टाकून हात हलवायला लागले. गादिफेलेने माझा हात धरून खाली घेतला. एवढा घट्ट की बांगडी रुतली.

"थांब. आधी ऐक. गाडीत ड्रायव्हर असेल, त्याची कचिकाऊला मावशी असेल, आपण पोचायच्या आत गोष्ट पोचलेली असेल. आता जे बोलू तेच खरं होणार."

"सांगू ना. हत्तीने मारलं म्हणून सांगू."

"तेवढं सांगू. ते लपत नाही, पाय बोलतोय." तिने धुळीकडे पाहिलं आणि भराभर बोलायला लागली. "पण म्मा-लिस्वानी माझं ऐकणार नाही, मी बहीण आहे. दादा खोटं बोलणार नाही, तो मूर्ख आहे. ती तुला विचारेल. तू आमच्यात कुणाच्याच घरची नाहीस, आणि तू रोज सकाळी दिवा लावतेस, खोटं बोलत नाहीस, हे आख्ख्या आळीला माहीत आहे. माझ्या बकरीबद्दलसुद्धा तू कधी वाढवून सांगितलं नाहीस."

गाडी नदीच्या वाळूत उतरली. इंजिनाचा आवाज आला.

"ती विचारेल, हत्तीला बघून मोदिरी काय म्हणाला. तर तू सांग, तो काहीच म्हणाला नाही. टोपी काढायच्या आत, तोंड उघडायच्या आत हत्तीने मारलं, असं सांग. आपण कोण ते त्याने सांगितलंच नव्हतं. एवढं एकच वाक्य. तुझ्या देवाची शपथ घे म्हणाली तर घे. माझ्या भावासाठी एवढं सांगशील ना गं?"